विश्लेषण : मोबाइलवर चित्र दिसते, मग रेकॉर्डिंग गायब कसे होते?

उन्हाळ्याची सुटी असो की लग्नसराई, घराला कुलूप लावून गावाला निघणाऱ्या नागपूरकरांना आता दारावरच्या कॅमेऱ्याचा आधार वाटतो. रेल्वेत बसल्या बसल्या मोबाइलवर घराचे फाटक दिसते आणि जीव भांड्यात पडतो. मात्र चोरी झाल्यावर किंवा पार्किंगमधील गाडीला कुणी धडक देऊन गेल्यावर फुटेज शोधायला घेतले, की नेमका हवा तो अर्धा तासच कोरा निघतो. ॲपवर चित्र स्वच्छ असते, कॅमेऱ्याचा दिवाही सुरू असतो. मग बिघाड कुठे असतो, तो घरच्या घरी कसा ओळखायचा आणि घटना घडल्यावर काय टाळायचे?

प्रश्न फक्त घरापुरता आहे का?

नागपुरात ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ प्रकल्पात साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लावण्यात आले. त्यांचा भर प्रामुख्याने चौक आणि मुख्य रस्त्यांवर आहे. ले-आउटमधील आतली गल्ली, अपार्टमेंटचे पार्किंग किंवा घराचे मागचे दार यांवर नजर असते ती रहिवाशांच्याच कॅमेऱ्यांची. त्यामुळे परिसरात काही घडले की पोलिस आधी आजूबाजूच्या घरांचे आणि दुकानांचे फुटेज मागतात. एका घरातील कोरा अर्धा तास शेजाऱ्याच्या तक्रारीलाही महागात पडू शकतो.

रेकॉर्डिंग न सापडण्याचा फटका किती मोठा असू शकतो, हे राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिले. बदलापूर येथील शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात मागील १५ दिवसांचे सीसीटीव्ही फुटेज उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने शाळांमध्ये सीसीटीव्ही अनिवार्य करणारा शासन निर्णय काढला. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासावे, अशी तरतूद त्यात आहे. कॅमेरा बसवला म्हणजे काम संपले असे नाही, रेकॉर्डिंग उघडून पाहावे लागते, हे त्यातून नियमातच आले. घरासाठी असा नियम नाही, पण गरज तीच आहे.

थेट चित्र आणि रेकॉर्डिंग यांत फरक काय?

बहुतेकांची गल्लत इथेच होते. मोबाइलवर दिसणारे थेट चित्र कॅमेऱ्याकडून येते, ते हार्ड डिस्कवरून येत नाही. कॅमेरा सहसा दोन प्रवाह पाठवतो. एक हलका, मोबाइलवर पाहण्यासाठी; दुसरा जड आणि स्पष्ट, साठवण्यासाठी. पहिला सुरळीत असला तरी दुसरा कुठेही लिहिला जात नसेल, असे होऊ शकते. हार्ड डिस्क तीन महिन्यांपूर्वी बंद पडली असली तरी ॲपवर फाटक आजही दिसतच राहते.

घरांमध्ये साधारण तीन प्रकारची व्यवस्था असते. जाड गोल केबलने जोडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर, नेटवर्क केबलवरचे कॅमेरे आणि एनव्हीआर, तसेच वाय-फायवर चालणारा सुटा कॅमेरा. तिसऱ्या प्रकारात रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर किंवा कंपनीच्या क्लाउडवर होते. डीव्हीआर आणि एनव्हीआरला रेकॉर्डिंगसाठी इंटरनेट लागत नाही. घरातील इंटरनेट बंद पडले तर मोबाइलवर चित्र दिसणार नाही, पण डिस्कवर साठवण सुरूच राहील. केवळ क्लाउडवर अवलंबून असलेल्या कॅमेऱ्याचे मात्र इंटरनेट गेले की रेकॉर्डिंगही थांबते. आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे माहीत नसेल तर दोष शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

शोध कुठून सुरू करावा?

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एकाच कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग तुटते की सगळ्यांचे? एकाचेच तुटत असेल तर दोष त्या कॅमेऱ्यात, त्याच्या केबलमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा सेटिंगमध्ये असतो. सगळ्यांचे एकाच वेळी तुटत असेल तर डीव्हीआर, डिस्क किंवा घरातील वीज यांच्याकडे वळावे.

दुसरी, रेकॉर्डिंग केव्हा तुटते? प्लेबॅकमध्ये जाऊन मागील सात दिवसांची टाइमलाइन उघडावी आणि कोरे भाग कागदावर लिहून काढावेत. रोज ठरावीक वेळी, अंधार पडल्यावर, वीज गेल्यानंतर, मधूनमधून काही सेकंद, की ठरावीक तारखेच्या आधीचे सगळेच? कोऱ्या भागाची वेळच बहुतेकदा कारण सांगून जाते.

रोज ठरावीक वेळी किंवा अंधार पडल्यावर रेकॉर्डिंग तुटत असेल तर?

घड्याळ लावल्यासारखे रोज एकाच वेळी तुटत असेल, तर रेकॉर्डिंगचे वेळापत्रक तपासावे. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वार आणि तास यांचा तक्ता डीव्हीआरमध्ये असतो. कॅमेरे बसवताना तो सोमवार ते शुक्रवार एवढाच भरला गेला, किंवा एखाद्या कॅमेऱ्याचा तक्ता रिकामाच राहिला, तर तेवढा वेळ कोरा जातो.

दिवसा ठीक आणि रात्री गडबड असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा दिवसापेक्षा बराच जास्त करंट ओढू लागतो. ॲडॉप्टर जुना झालेला असेल किंवा गच्चीपर्यंत नेलेली तार लांब आणि बारीक असेल, तर कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज पडते. कॅमेरा बंद होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा दिवे लागतात आणि पुन्हा बंद होतो. टाइमलाइनवर रात्रभर तुकडे दिसतात. त्या कॅमेऱ्याला योग्य क्षमतेचा दुसरा ॲडॉप्टर जवळून लावून एक रात्र पाहिली, तरी दोष तारेत आहे की कॅमेऱ्यात, हे कळते.

वीज गेल्यानंतर फुटेज का सापडत नाही?

इथे एक चूक सर्रास आढळते. डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, पण कॅमेऱ्यांना वीज देणारा पुरवठा साध्या लाइनवर असतो. वीज गेली की डीव्हीआर सुरू राहतो आणि कॅमेरे बंद पडतात. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरवर आहेत का, हे मेन स्विच पाच मिनिटे बंद करून तपासता येते.

दुसरे कारण घड्याळाचे. डीव्हीआरमध्ये नाण्याच्या आकाराचा छोटा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. रेकॉर्डिंग होते, पण भलत्याच तारखेखाली साठते. कालच्या तारखेत शोधणाऱ्याला ते गायब वाटते. त्यामुळे फुटेज मिळत नसेल तर कॅलेंडरवरील जुन्या वर्षांतही रेकॉर्डिंगची खूण दिसते का, हे पाहावे.

टाइम झोनची गफलतही अशीच. अनेक यंत्रांत मुळात चीनची वेळ भरलेली असते. ती भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे आहे. रात्री ११ वाजता घडलेली घटना मग दुसऱ्या तारखेला दीड वाजता दिसते. सेटिंगमध्ये भारतीय वेळ, म्हणजे ‘जीएमटी अधिक ५:३०’ निवडावी आणि इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय सुरू ठेवावी.

जुने दिवस आपोआप पुसले जातात का?

होय. डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुने रेकॉर्डिंग पुसून त्या जागी नवे लिहितो. ही सोय बंद असेल तर याहून वाईट होते, डिस्क भरताच नवे रेकॉर्डिंगच थांबते. त्यामुळे घरासाठी ‘ओव्हरराइट’ सुरू असणेच योग्य, फक्त आपल्या डिस्कवर किती दिवस मावतात हे माहीत हवे.

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने साठवत असेल, तर तासाला १.८ जीबी आणि दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे १७३ जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते. कुटुंब दहा दिवस गावाला गेले आणि दुसऱ्याच रात्री चोरी झाली, तर परत येईपर्यंत ते फुटेज पुसले गेलेले असते. यंत्रात काहीही बिघाड नसतो.

कॅमेरा आणि डीव्हीआर दोन्ही एच.२६५ या नव्या पद्धतीला चालत असतील, तर वेग निम्मा, म्हणजे दोन मेगाबिट ठेवूनही चित्र साधारण तसेच राहते आणि तीच डिस्क साडेअकरा दिवस पुरते. दोन टीबीची डिस्क घेतली तर २३ दिवस. तुलनेसाठी, सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी पोलिस ठाण्यांतील सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग १८ महिने, आणि तेवढी क्षमता बाजारात मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपण्यास सांगितले आहे. घराला एवढ्या साठ्याची गरज नाही. आपल्या सर्वांत लांब सुटीपेक्षा चार-पाच दिवस जास्त मावतील, एवढा साठा पुरेसा आहे.

मधूनमधून काही सेकंद किंवा मिनिटे का गळतात?

जागा वाचवण्यासाठी अनेक कॅमेरे ‘मोशन डिटेक्शन’वर ठेवलेले असतात. हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग. यात गळती होण्याची कारणे बरीच आहेत. संवेदनशीलता कमी ठेवली, फाटकाचा भाग निवडलेल्या चौकटीबाहेर राहिला, किंवा हालचाल ओळखून रेकॉर्डिंग सुरू होण्यात दोन-तीन सेकंद गेले, तरी चेहरा निसटतो. हालचालीच्या आधीचे काही सेकंदही साठवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. बॅटरीवरचे कॅमेरे एक क्लिप झाली की बॅटरी वाचवण्यासाठी काही काळ थांबतात. त्या मधल्या वेळेत कुणी आले तर नोंद होत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याची यात भर पडते. बॅटरीवरच्या अनेक कॅमेऱ्यांत शरीराची उष्णता ओळखणारा ‘पीआयआर’ सेन्सर असतो. माणसाचे शरीर आणि मागची भिंत यांच्या तापमानातील फरकावर तो चालतो. मे महिन्यात तापलेली भिंत माणसाच्या अंगाइतकीच गरम असते, फरक उरत नाही आणि सेन्सरला माणूस उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवा जाणारा माणूस हा सेन्सर लवकर पकडतो. त्यामुळे कॅमेरा वाटेला तिरका लावणे फायद्याचे ठरते.

उलटा त्रासही होतो. कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा, इन्फ्रारेड दिव्याभोवती जमणारे किडे, भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे यांमुळे रात्रभर रेकॉर्डिंग होत राहते. मेमरी कार्ड निरुपयोगी क्लिपांनी भरते आणि कामाचे फुटेज लवकर पुसले जाते. फाटक आणि मुख्य दार यांवरचे कॅमेरे तरी सलग रेकॉर्डिंगवर ठेवावेत, बाकीचे हालचालीवर ठेवले तरी चालते.

वाय-फाय कॅमेऱ्यात चित्र अडखळत असेल तर राउटर आणि कॅमेरा यांच्यामधील भिंती मोजाव्यात. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही आड येते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांपैकी कमी गर्दीचा निवडल्यास फरक पडतो. मेमरी कार्ड असलेला कॅमेरा वाय-फाय तुटले तरी कार्डवर लिहीत राहतो, म्हणून क्लाउडची वर्गणी भरली असली तरी कार्ड टाकलेले बरे.

डिस्क किंवा कार्डच खराब झाले हे कसे ओळखावे?

सगळ्याच कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग एका तारखेनंतर मिळत नसेल, तर डिस्कची स्थिती पाहावी. डीव्हीआरच्या मेनूत डिस्क ‘नॉर्मल’ आहे की त्रुटी दाखवते, हे कळते. डिस्क बिघडली की बहुतेक डीव्हीआर बीप वाजवून इशारा देतात. आवाजाचा त्रास होतो म्हणून तो बंद केला जातो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. संगणकाची साधी डिस्क दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी वेगळ्या डिस्क मिळतात, त्याच घ्याव्यात.

उष्णता हा डिस्कचा मोठा शत्रू. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. बाहेर एवढी होरपळ असताना बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या डीव्हीआरच्या आतील तापमान किती चढत असेल, याचा अंदाज करता येतो. त्याच्या चारही बाजूंना हवा खेळती हवी, आणि तो कूलरच्या ओलसर झोतातही नको.

जागा निवडताना पावसाचाही विचार करावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी परिसरातील घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. सखल वस्तीत डीव्हीआर टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवण्याऐवजी भिंतीवर उंच बसवावा. भिजलेला डीव्हीआर ‘चालतो का’ म्हणून लगेच सुरू करू नये. त्याने डिस्कवरील उरलेसुरले फुटेजही जाऊ शकते.

मेमरी कार्डाचेही आयुष्य ठरलेले असते. सतत लिहून-पुसून ते झिजते आणि कधी कधी नवे काहीच स्वीकारत नाही. जुने फुटेज दिसते, नवे साठत नाही. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे कार्ड घ्यावे. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या कार्डांवर लिहिलेली क्षमता अनेकदा खोटी असते.

घटना घडल्यानंतर काय करावे, काय टाळावे?

पहिली गोष्ट, पुसले जाणे थांबवावे. फुटेज डिस्कवर असेल तर ते लगेच पेन ड्राइव्हवर काढून घ्यावे किंवा डीव्हीआरमध्ये लॉक करावे. ते जमत नसेल आणि डिस्क भरत आलेली असेल, तर मेनूतून डीव्हीआर रीतसर बंद करणे बरे. त्याआधी यंत्राचे घड्याळ आणि मोबाइलवरील वेळ यांचा एकत्र फोटो काढावा. दोन्हींतील फरक तपासात उपयोगी पडतो. घड्याळ चुकीचे असले तरी या टप्प्यावर ते दुरुस्त करू नये.

दुसरी गोष्ट, डिस्क काढून घरच्या संगणकाला लावू नये. डीव्हीआरची साठवण्याची पद्धत वेगळी असते. संगणकाला ती ओळखता येत नाही आणि तो डिस्क ‘फॉरमॅट’ करायची का असे विचारतो. तिथे ‘हो’ म्हणणे महागात पडते. पुसले गेलेले पण त्यावर नवे न लिहिलेले फुटेज तज्ज्ञांना काही वेळा परत मिळवता येते. त्याच जागी नवे रेकॉर्डिंग झाले असेल तर आशा ठेवण्यात अर्थ नाही. गुन्ह्याच्या प्रकरणात डिस्क पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते, त्यामुळे स्वतः प्रयोग न केलेले बरे.

तिसरी, व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप पुरावा म्हणून पुरेशी समजू नये. ती आकाराने लहान होते, चेहरा आणि गाडीचा क्रमांक धूसर होतो. मूळ फाइल जपावी. पोलिसांनी डीव्हीआर ताब्यात घेतला तर पंचनाम्यात त्याचा आणि डिस्कचा सिरियल क्रमांक नोंदला गेला का, हे पाहावे आणि पोच घ्यावी.

न्यायालयात हे फुटेज चालते का?

चालते, पण रीत पाळावी लागते. याबाबतचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडीओ चित्रीकरणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट पुढे आली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एका ठिपक्याचा बदल झाला तरी तो बदलतो. म्हणूनच फुटेज कापून, त्यावर लाल वर्तुळे काढून देण्यापेक्षा ते जसेच्या तसे देणे महत्त्वाचे.

नियमित तपासणी कशी करावी?

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून चालत जावे. दुसऱ्या दिवशी प्लेबॅक उघडून आपण दिसतो का, चेहरा ओळखू येतो का आणि पडद्यावरची वेळ बरोबर आहे का, हे पाहावे. सर्वांत जुने रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे आहे, तेही बघावे. महिन्यातून एकदा भिंग पुसावे, जाळी काढावीत, एखादी क्लिप पेन ड्राइव्हवर काढून ती उघडते का, हे तपासावे. डीव्हीआरचा पासवर्ड घरातील किमान दोघांना ठाऊक असावा आणि तो यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड नसावा. कॅमेरे बसवणाऱ्याकडूनही पैसे चुकते करण्याआधी थेट चित्रासोबत आदल्या रात्रीचे रेकॉर्डिंग दाखवून घ्यावे.

गावाला जाण्याच्या दोन दिवस आधी हीच तपासणी केली, तर बिघाड निघाला तरी दुरुस्तीला वेळ हाताशी राहतो.